कुंकू लावलेली फ्लॉपी

मंजुळाला शाळेत कोणी ओळखतच नव्हतं असं म्हणणं जरा जास्त होईल, पण हजेरी घेताना तिचं नाव आलं की बाई मान वर करून बघायच्या, ही कोण बरं, असं. नववी ब, तिसरा बाक, खिडकीकडून दुसरी. नावही जुनंपुराणं, पणजीचं ठेवलेलं. वर्गात तीन मनीषा, दोन स्वाती आणि ही एकटी मंजुळा. कोलशेतच्या कोळीवाड्यातून यायची. वडील गोपीनाथ खाडीत होडी घालायचे आणि आजी, आवडाबाई, नाक्यावर मासळी घेऊन बसायची. उत्तर येत असलं तरी मंजुळा हात वर करायची नाही. आपण बोलणार, मग सगळे वळून बघणार, त्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट.

आणि हीच मंजुळा त्या वर्षी गणपती झाल्यावर आठ पोरांसमोर हातात खडू घेऊन उभी राहिली आणि "गप्प बसा रे, नाहीतर मशीन बंद करीन" असं ठणकावून सांगायला लागली. घरी कोणाचा विश्वासच बसेना.

झालं होतं असं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याने आपले दोन जुने कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकले. शाळेने प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली रिकामी केली, खिडक्यांना निळे पडदे लावले आणि दाराबाहेर 'चपला येथे काढाव्यात' अशी पाटी ठोकली. डोंबिवलीहून येणारे खानोलकर सर गणित शिकवायचे. त्यांनी सुट्टीत दोन महिन्यांचा कोर्स केलेला, म्हणून हे दोन कॉम्प्युटरही त्यांच्याच गळ्यात पडले. नववी-दहावीची मुलं आठवड्यातून एकदा अनवाणी, देवळात शिरल्यासारखी आत जायची आणि बेसिक नावाच्या भाषेत बेरजेचा प्रोग्राम टाइप करायची. दोन अधिक दोन चार. एवढं सांगायला एवढं मोठं यंत्र कशाला, हे सगळ्यांच्याच मनात यायचं, पण बोलणार कोण.

मग एके दिवशी सर म्हणाले, "या बेसिकमध्ये 'प्ले' म्हणून एक आज्ञा आहे. तिच्यापुढे अवतरणचिन्हांत अक्षरं लिहायची. सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. काय होतं ते बघा आणि मला सांगा, कारण मला सुरातलं शून्य कळतं."

मंजुळाने लिहिलं आणि चालवलं. कॉम्प्युटरच्या पोटात कुठेतरी एक बटणाएवढा स्पीकर असणार, त्यातून सात सूर आले. डासाने गुणगुणावं तसे पातळ, पण सूरच. सा रे ग म प ध नी. तिने शेवटी आणखी एक सी लिहिला, वरच्या सासाठी. पुन्हा चालवलं. सूर पायरी पायरी चढत गेले आणि शेवटचा सा धपकन पहिल्या पायरीवर येऊन पडला. अख्खी खोली हसली.

मंजुळा हसली नाही. तिची आजी नुसती मासळीवाली नव्हती, धवलारीण होती. कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवल्यांची गाणी म्हणायला जी बाई लागते, ती. आजी वरच्या साला कशी जाते, जाताना कशी एक श्वास थांबते, हे मंजुळाच्या कानात लहानपणापासून बसलेलं. त्यामुळे तो पडलेला सा तिला दातात खडा आल्यासारखा लागला, आणि तिला कळायच्या आत तिचा हात वर गेला.

"सर, अजून वर जायचंय हे त्याला कळलं नाही. त्याला मजला बदलायला सांगायला पाहिजे."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "कसला मजला?"

"म्हणजे सप्तक, सर. तो त्याच मजल्यावरचा सा वाजवतोय."

सरांनी पुस्तक चाळलं. आणि खरंच की, त्यात खूण होती. 'ओ' लिहून पुढे मजल्याचा आकडा. बाकीचे सगळे सूर ओ तीनवर, शेवटचा सी तेवढा ओ चारवर. मंजुळाने लिहिलं, चालवलं, आणि सा जिथे जायला हवा तिथे जाऊन बसला. या वेळी कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी "च्यायला" म्हणालं आणि सरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आठवड्याभरात मंजुळाने तो अख्खा धडा उलथापालथा करून टाकला. 'टी'ने लय धरायची, 'एल'ने सूर किती लांबवायचा ते सांगायचं, 'पी'ने गप्प बसायला सांगायचं. हे शेवटचं तिला फार आवडलेलं. या यंत्राला गप्प बसायचीसुद्धा आज्ञा द्यावी लागते, आणि किती वेळ तेही. सर म्हणाले, "पाचवी-सहावीची काही पोरं रोज खिडकीतून डोकावतात. शाळा सुटल्यावर त्यांना तू शिकव. मी कोपऱ्यात बसून वह्या तपासतो."

"मी, सर?"

"मग काय मी गाऊ?"

पहिल्या दिवशी आठ जणं आली. सगळ्यात पुढे धाकू, पाचवीतला, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याच्या मागे मालू, सहावीतली, कोणाचीही नक्कल करणारी. सगळ्यात मागे भिंतीला टेकून सरस्वती, तीही सहावीतली, जी पहिला आठवडाभर एक शब्द बोलली नाही. तिच्याकडे बघितलं की मंजुळाला आरशात बघितल्यासारखं व्हायचं आणि मग ती मुद्दाम दुसरीकडे बघायची.

धाकूने पहिल्या झटक्यात काय केलं, तर प्रार्थनेच्या तासाला शिकलेलं तसं एस, आर, जी, एम लिहिलं. मशीनने पडद्यावर इंग्रजीत एक ओळ फेकली आणि गप्प झालं.

"काय म्हणतोय तो?" धाकूने विचारलं.

"म्हणतोय, ही काय भानगड आहे."

"मग सा कुठे गेला?"

"सा आपला. त्याच्याकडे त्याला सी म्हणतात. तुला घरी धाकू म्हणतात आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरंच नाव आहे ना, तसं."

"म्हणजे यांचा सा सीपासून चालू होतो? ए सोडून? येडी माणसं आहेत ही."

 मंजुळालाही तसंच वाटायचं.

नुसतं सांगून पोरांच्या डोक्यात शिरेना. मग तिने व्हरांड्यात खडूने आठ घरं आखली, ठिक्करीला आखतात तशी, आणि प्रत्येकात एक अक्षर. एकाने अक्षरं वाचायची, दुसऱ्याने त्या त्या घरात उडी मारायची, बाकीच्यांनी तो सूर म्हणायचा. पहिल्या सातांतून आठव्या घरात जायच्या आधी ओरडायचं, "मजला." जो ओरडायला विसरेल त्याने परत पहिल्या घरात जाऊन उभं राहायचं, कॉम्प्युटर करतो तसंच. दोन दिवसांत सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्या आणि एकही जण मजला विसरेना.

आणि मग तिने आजीची युक्ती काढली. आजी तासन् तास धवले म्हणायची ते काय कागद बघून नाही. आजीला तर सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. एक ओळ झाली की मागच्या बायका तीच ओळ परत म्हणायच्या आणि त्या ओळीचं शेपूट धरून आजी पुढची ओळ उचलायची. मंजुळानेही तेच लावलं. रोज यंत्र चालू करायच्या आधी पोरांनी गोल बसायचं. पहिल्याने आपल्या सुराची अक्षरं म्हणायची, सगळ्यांनी ती परत म्हणायची, मग दुसऱ्याने आपली. सी डी ई ई डी सी, पी चार, ओ चार सी. बाहेरून जाणारा शिपाई एकदा थांबून बघत राहिला आणि म्हणाला, "कसला मंतर चाललाय?"

प्रत्येकाने स्वतःचा सूर बनवायचा होता, कुठल्या गाण्याची नक्कल चालणार नाही. धाकूने कोलशेतच्या कारखान्यांचा भोंगा केला. मालूने भांडीवाल्या बाईची आरोळी. सरस्वतीने काय केलंय ते ती सांगेना, नुसतं वाजवून दाखवलं. पाच सूर खाली उतरायचे, एक गप्प, मग दोन वर. फार गोड होतं. हे सगळे प्रोग्राम एका फ्लॉपीवर साठवले जायचे. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पापडासारखी वाकणारी पातळ वस्तू. मध्ये भोक, आणि खाली एक लांबट खिडकी, जिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. खिडकीला बोट लावायचं नाही, हा वर्गाचा पहिला नियम. शाळेकडे पोरांसाठी अशी एकच फ्लॉपी होती.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापिका बाईंनी सरांना बोलावलं. बाईंना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. सकाळी प्रार्थनेला त्या स्वतः पेटी वाजवायच्या आणि एखादा वर्ग बेसूर गायला की पेटी थांबवून त्या वर्गाकडे नुसतं बघायच्या, ते बघणं छडीपेक्षा वाईट. सर परत आले ते कान खाजवत.

"शिवणाची चार यंत्रं आली आहेत, ती व्हरांड्यात पडली आहेत. बाई म्हणतात, शाळा सुटल्यावर ही खोली शिवणाला द्यायची. पोरं इथे नुसता खेळ करतात, असं त्यांच्या कानावर गेलंय. मी म्हटलं, एकदा येऊन बघा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार आहेत. पोरांना स्वतःला काही येतं असं दिसलं तर वर्ग राहील. नाहीतर बंद."

"बंद म्हणजे दिवाळीपर्यंत?"

"बंद म्हणजे बंद, मंजुळा."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. वर्ग बंद म्हणजे परत तिसरा बाक, खिडकीकडून दुसरी. तीन आठवडे पोरं तिला ताई म्हणत होती, वाटेत भेटली की लांबून हाका मारत होती. एकदा असं झाल्यावर परत गप्प कसं बसायचं, हे तिला आठवेना.

आणि भीतीपोटी तिने एक गोष्ट केली जी करायला नको होती. मधल्या सुट्टीत एकटी जाऊन ती पोरांचे प्रोग्राम नीट करायला लागली. धाकूचा भोंगा फार लांबायचा, तो कापला. मालूची लय सरळ केली. आठवड्याभरात फ्लॉपीवरचे आठही सूर असे गुळगुळीत झाले की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. पोरांना वाटलं, आपणच हुशार झालो. मंजुळाने काही सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिने फ्लॉपी घरी नेली. सरांनी बजावलेलं की ती खोलीबाहेर न्यायची नाही, तरी नेली. भूगोलाच्या नकाशांच्या पुस्तकात घालून. कारण दसऱ्याला घरात प्रत्येक जण आपापलं हत्यार देवापुढे ठेवायचा. बाबांची जाळी आणि इंजिनाचे पाने, आजीचा मासे कापायचा कोयता. मंजुळा दर वर्षी इतिहासाचं पुस्तक ठेवायची, दुसरं काही नव्हतंच. या वर्षी तिच्याकडे स्वतःचं हत्यार होतं.

"यो काय गो?" आजीने विचारलं.

"फ्लॉपी, आजी. यात माझ्या पोरांची गाणी आहेत. आठ."

"या पापडान?"

"हो."

आजीने ती हातात घेतली, कानाला लावली, हलवून बघितली. मग मंजुळाकडे बघितलं, ते जरा वेगळंच. "तुजी पोरां," ती म्हणाली आणि हसली. "ठेव तर मंग. देवापुढं ठेव."

मंजुळाने ती कागदी पाकिटासकट जाळीवर ठेवली. दसऱ्याच्या दिवशी पूजा झाली, सोनं वाटून झालं, दिवस पाहुण्यांत गेला, फ्लॉपीकडे परत बघायला सवडच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दप्तर भरताना तिने फ्लॉपी उचलली आणि दिव्याखाली नेली.

पाकीट नव्हतं. फ्लॉपीच्या त्या लांबट खिडकीत, बरोबर तपकिरी चकतीवर, ओल्या कुंकवाचं बोट उठलं होतं. वर हळद. वर पाण्याचा शिंतोडा. आणि आत, चकतीला चिकटून, अक्षतेचा एक तांदूळ.

"आजी, हे कोणी केलं?"

"मीच क्येला." आजी चुलीपाशी होती. "तू त्याला कागदान गुंडालून ठेवलावता. देवाला का गोधरीन पुजतान? म्या बाहेर कारला. कपाल खय ते बगितला, न तिथं कुकू लावला." ती थांबली. "काय चुकला का गो?"

मंजुळाने बघितलं तर आजीचा चेहरा इतका घाबरा झालेला की आता खरं सांगणं म्हणजे तिच्या हातातला कोयता हिसकावून घेण्यासारखं. "नाय आजी," ती म्हणाली. "कपाळ बरोबर तेच आहे."

शाळेपर्यंत ती चालत गेली की धावत गेली, तिला आठवत नाही. सर खोलीत पुसापुशी करत होते. तिने नकाशांचं पुस्तक टेबलावर ठेवलं, उघडलं आणि एका दमात सांगून टाकलं. "सर, ही मी न विचारता घरी नेली. पूजेत ठेवली. आजीने कुंकू लावलं. आत तांदूळ पण आहे. आणि सर, यातले प्रोग्रामही पोरांनी लिहिलेले तसे राहिले नव्हते. मी मधल्या सुट्टीत येऊन नीट केलेले. सगळे."

सरांनी फ्लॉपी उजेडात धरली. उलटसुलट करून बघितली. मंजुळा त्यांच्या चपला काढलेल्या पायांच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"ही यंत्रात घालायची नाही," ते शेवटी म्हणाले. "आतलं फ्लॉपी वाचणारं डोकं खराब झालं तर दुसरं मिळणार नाही."

"नाही, सर."

"माझ्या आईने काल माझ्या स्कूटरच्या दिव्याला एवढं कुंकू फासलं की संध्याकाळी मी अंधारात तांबडा उजेड पाडत हिंडत होतो." त्यांनी फ्लॉपी हळूच खाली ठेवली. "नेलीस ते चुकलं. प्रोग्राम नीट केलेस ते त्याहून जास्त चुकलं. बोलणी नंतर खा. बेसिक चालू करायची वेगळी फ्लॉपी माझ्या कपाटात आहे, तिला काही झालेलं नाही. बाई साडेआठला येतील. आता वाजलेत सव्वासात."

"पण तिच्यात पोरांचं काहीच नाही, सर. कोरं आहे सगळं."

"कोरंच आहे. तुझी पोरं कोरी आहेत का, ते बघू."

पोरं आली. मंजुळाने त्यांनाही सगळं सांगितलं, मधल्या सुट्टीतलंसुद्धा. सांगताना तिला वाटत होतं की आता ही परत ताई म्हणायची नाहीत. धाकूने डोळे बारीक केले.

"तरीच. मी म्हटलं माझा भोंगा एवढ्यात कसा संपतो."

"सॉरी."

"भोंगा लांबच असतो. लोक लांब राहतात ना, त्यांना ऐकू जायला नको?"

"म्हणजे तुझा आहे का लक्षात, जुना?"

"त्याचा?" मालू म्हणाली. "त्याचा मला पाठ आहे. रोज गोलात ऐकून डोकं उठलंय माझं. बस खाली, मी सांगते."

सगळी गोल बसली. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी म्हणायचं, शेपूट धरून पुढच्याने उचलायचं. धाकू चौथ्या अक्षराला अडला तर मालूने पुरवलं. मालू स्वतः तिसऱ्या ओळीला अडली तर मागून एक बारीक आवाज आला, "एल आठ, मग जी जी एफ." सरस्वती होती. सगळ्यांनी वळून बघितलं, तिने मान खाली घातली, पण पुढचंही सांगितलं. साडेआठला पाच मिनिटं असताना पडद्यावर सहा सूर होते. दोन राहिले. जे होते त्यांत मंजुळाचं एक अक्षर नव्हतं. भोंगा लांबच लांब होता, आणि मालूची आरोळी लंगडत होती.

मोठ्या बाई आल्या, चपला काढल्या, खुर्ची ओढून बसल्या. "वाजवा," म्हणाल्या.

पोरांनी वाजवले. बाईंनी सहाही ऐकले, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. धाकूचा भोंगा संपता संपेना तेव्हा त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं.

"खानोलकर, हे छान आहे, पण टेपरेकॉर्डरही वाजतो. हे त्यांनी केलं की कोणी करून दिलं, मला कसं कळणार?"

 सर मंजुळाकडे बघत नव्हते, हे बरं होतं.

"तुम्हीच काहीतरी सांगा, बाई," सर म्हणाले. "ती लिहितील."

बाईंनी घसा साफ केला. त्या हळू आवाजात गायल्या, पाचच सूर. वर जाऊन परत खाली. मंजुळाने ऐकलं आणि मनातल्या मनात अक्षरं लावली. सा, रे, मग ग, पण तो ग आपला रोजचा ग नव्हता. जरासा खाली उतरलेला, उदास झालेला. कोमल गंधार. त्याची खूण पुस्तकात होती, मंजुळाला माहीत होती, पण पोरांना तिने अजून शिकवलीच नव्हती. सात पांढऱ्या पट्ट्यांच्या पलीकडे वर्ग गेलाच नव्हता.

"कोण लिहिणार?" बाईंनी विचारलं.

धाकूने मालूकडे बघितलं, मालूने छताकडे. आणि मग भिंतीपासून सरस्वती निघाली, खुर्चीवर बसली, एकेक बटण शोधत लिहिलं. सी डी ई डी सी. चालवलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "माझा ग असा नव्हता."

सरस्वतीने ई काढला. डी लिहिला. सी डी डी डी सी. चालवलं आणि स्वतःच मान हलवली. परत ई. परत ऐकलं. मंजुळाने ओठ दाताखाली धरले होते. एक शब्द बोलली तर सगळं संपलं, हे तिला कळत होतं. 

सरस्वती बाईंकडे वळली. "बाई, परत म्हणाल का?"

बाईंनी परत म्हटलं. सरस्वतीने डोळे मिटून ऐकलं. मग बाहेर व्हरांड्यातल्या खडूच्या घरांकडे बघितलं, आणि बोट हवेत दोन घरांच्या मधल्या रेषेवर ठेवलं.

"तो डी पण नाही आणि ई पण नाही," ती म्हणाली.  "दोघांच्या मधे उभा आहे. ताई, रेषेवर उभं राहायला काही खूण आहे का? असणार. पेटीला काळी पट्टी असते ना, मग यालाही काहीतरी असणार. आपण विचारलं नाही म्हणून शिकलो नाही."

 मग मोठ्या बाईंनी मंजुळाकडे बघितलं, वर्गातल्या बाई हजेरीला बघायच्या तसं नाही. "आहे का खूण?"

"आहे, बाई. मी अजून शिकवलेली नाही. सांगू?"

"सांग की. शिकवायलाच उभी आहेस ना?"

"ईच्या पुढे वजा लिही," मंजुळा म्हणाली. "म्हणजे ई, पण अर्धी पायरी खाली."

सरस्वतीने लिहिलं. चालवलं. त्या बटणाएवढ्या स्पीकरमधून बाईंचाच सूर निघाला, पातळ, पण तोच, गंधार तसाच खाली मान घातलेला. बाईंनी मान डोलवली नाही, पण त्यांचं बोट मांडीवर ताल धरून हललं आणि पोरांनी ते बघितलं. "आणखी एकदा," बाई म्हणाल्या. मग आणखी एकदा म्हणाल्या.

उठताना त्यांनी पदर सावरला. "खानोलकर, शिवणयंत्रांवर ताडपत्री टाका आणि राहू देत व्हरांड्यात. पाऊस संपलाच आहे. दिवाळीनंतर बघू त्यांचं कुठे करायचं." दारात चपला घालताना परत वळल्या. "आणि तो भोंगा कोणाचा?"

"माझा," धाकू पुटपुटला.

"खरा असाच असतो. माझी झोपमोड करतो रोज."

त्या गेल्या आणि मंजुळा, कोणी दोरी सोडावी तशी, व्हरांड्यातल्या पायरीवर बसली.  हसू येत होतं आणि नाकही ओढावं लागत होतं, दोन्ही एकदमच. आत पोरं ओरडत होती, सर कोणालाही गप्प करत नव्हते. वर्ग राहिला. सोमवारी परत शाळा सुटल्यावर गोल बसायचं, परत कोणीतरी मजला विसरणार, परत धाकू मधेच बोलणार. एवढं साधं सगळं तिला आता एखाद्या सणासारखं वाटत होतं.

सर बाहेर आले. "बोलणी राहिली आहेत तुझी."

"हो, सर."

"आज नको. आज मलाही जमणार नाही." त्यांनी रुमालात बांधलेले दोन वडापाव तिच्या मांडीवर ठेवले. "सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस."

तिला तेव्हा कळलं की तिला भयंकर भूक लागलीये. पहिला वडापाव तीन घासांत गेला. दुसऱ्याची चटणी बोटांना लागलेली असताना सरस्वती दारातून डोकावली.

"ताई, तो वजा सगळ्या अक्षरांना लावता येतो?"

मंजुळाच्या तोंडात घास होता. तिने तो चावून गिळला, हात झटकले. "करून बघ. दोन अक्षरांना लावलास की मशीन रागावणार आहे. कुठली दोन, आणि का, ते पेटीच्या काळ्या पट्ट्या आठवून शोध आणि मला सांग."

सरस्वती आत पळाली. थोड्या वेळाने आतून सुरांच्या मागे सूर यायला लागले, आणि मधेच एकदम शांतता, आणि त्या शांततेवर धाकूचा आवाज, "रागावलं बघ. एक सापडलं." मंजुळाने दुसरा वडापाव सावकाश खायला घेतला.